अर्धं बटण

पुन्ता अरेनासच्या करमुक्त बाजारात
येर्कोनं तो कॅमेरा चार हप्त्यांत घेतला.
ना वार्ताहराच्या गळ्यातला, ना पोराटोरांच्या खेळण्यातला;
मधल्या फळीवरचा, मधल्या किमतीचा,
काळ्या प्लास्टिकचा, तरी हातात घेतला की वजन कळावं असा.
विक्रेता म्हणाला, तुम्ही फक्त बोट ठेवा,
नजर हा लावेल.
दिवसभर गॅसच्या मीटरचे आकडे उतरवणाऱ्या माणसाला
हे वाक्य आवडलं असणार.

मी तेव्हा बोरिएस रस्त्यावरच्या दुकानात
तासाभरात रोल धुऊन द्यायचे.
गावातली लग्नं, बारशी, मेंढ्यांची प्रदर्शनं
आधी उलटी होऊन माझ्यासमोर यायची:
काळे दात, काळा बर्फ,
नवरीचा झगा कोळशासारखा.
सुलटं काय निघणार, ते मला सगळ्यांच्या आधी कळायचं.

येर्कोचा पहिला रोल.
डावीकडे बायको, उजवीकडे मुलगी,
दोघी मऊ, विरघळलेल्या, साबणाच्या पाण्यातल्यासारख्या.
आणि दोघींच्या मध्ये, लख्ख:
एकदा धक्क्यावरचं गंजकं जहाज, नावासकट वाचता येणारं,
एकदा कुणाच्या तरी वाळत घातलेल्या लोकरी विजारी,
एकदा चौकातला दोर
(वारा सुटला की नगरपालिका बांधते, माणसांनी धरून चालावं म्हणून),
त्याचा पीळन् पीळ मोजता यावा इतका.
छत्तीसपैकी एकतीस असे.

नियमाप्रमाणे मी प्रत्येकावर पिवळी चिकटी लावली,
‘फोकस चुकला आहे’.
एकतीस चिकट्या.
नंतर वाटलं, काय गरज होती.

तो रागावला नाही. म्हणाला, यंत्र बिघडलंय का?
मी म्हटलं, यंत्राला मधोमध एक कंस दिसतो, बस.
कंसात जे सापडेल त्यालाच ते तुमचं माणूस समजतं.
तुमची माणसं लांब लांब उभी राहतात, त्याला ते काय करणार?
हे बघा. आधी एकीच्या डोळ्यावर कंस ठेवा.
बटण अर्धंच दाबा.
धरून ठेवा. श्वासही धरा.
मग चौकट सरकवा, आणि मग उरलेलं अर्धं.
काउंटरवर त्यानं दहा वेळा करून बघितलं,
माझ्या कानातल्या डुलांवर.

पुढचा रोल जूनमध्ये आला, दुपारी चारलाच अंधार पडतो तेव्हा.
मिर्ता सगळीकडे स्पष्ट.
पापणीवरचं हिम, ओठाची फुटलेली कड,
आणि नजर, ती कॅमेऱ्याकडे नव्हतीच,
त्याच्या खांद्यावरून पलीकडे, उत्तरेला,
जिथून बस सुटते.
एकाही फोटोत ती हसत नव्हती.
पहिल्या रोलात हसत होती असं मलाही वाटलं होतं.
चिकटी लावायला या वेळी काही नव्हतं.

त्यानं काउंटरवर फोटो पसरले, पत्त्यांसारखे.
बराच वेळ गेला. मागे एक बाई पासपोर्टचे फोटो मागत उभी.
मग विचारलं त्यानं, अगदी व्यवहाराच्या आवाजात:
हे आधीसारखे करून मिळतील?

मी म्हटलं, नाही. धुतलेलं परत धुता येत नाही.
असं म्हणायला नको होतं.

वसंतात कॅमेरा विकायला म्हणून ठेवून गेला तो परत आलाच नाही.
आत रोल तसाच, आकडा सतरावर.
दुकान बंद झालं तेव्हा मालकानं मला दिला,
पगाराच्या थकबाकीत धरून.

काल नवी बॅटरी घातली.
खिडकीतून सामुद्रधुनी: राखाडी पाणी, राखाडी आभाळ,
मधली रेघ कुठं गेली कुणास ठाऊक.
अर्धं बटण दाबलं.
भिंग पुढं गेलं, मागं आलं,
परत पुढं, घरघरत,
अंधारात किल्ली चाचपणाऱ्या हातासारखं.
हिरवा ठिपका लागेना. पडदा उघडेना.
बोट मी काढलं नाही.
खाली कुणीतरी गाडी लावत होतं, लोखंडी फाटक वाजलं,
आणि भिंग अजून शोधतच होतं
सतराव्या चौकटीसाठी काहीतरी.